उचल आणि बचत

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपण प्राथमिक शाळेपासून ऐकत आलो आहोत. म्हण खोटी नाही. परंतु तळ्याच्या बुडालाच भोक असेल तर वरून कितीही थेंब पडले तरी तळे भरत नाही. ही गोष्ट मी बारडोलीस शिकलो.

सुरत जिल्ह्यातील बारडोलीस माझी आत्या राहते. आतोबा तिकडच्याच एका साखर कारखान्यातून निवृत्त झाले. गेल्या नाताळच्या सुट्टीत मी पंधरा दिवस त्यांच्याकडे होतो. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हटल्यावर आत्याने आपली जमाखर्चाची वही मोठ्या अभिमानाने माझ्यापुढे ठेवली. तिच्या काटकसरीचे नियम थोडेच, पण पक्के आहेत. महिन्याचे पैसे हाती आले की ठरलेली रक्कम आधी पोस्टात, मग उरलेल्यात खर्च. गव्हाचा हंगाम उतरला की वर्षाचे गहू, तांदूळ आणि तूरडाळ एकदम भरायची. धान्याला एरंडेल चोळायचे (तिकडे त्याला दिवेल म्हणतात), म्हणजे कीड लागत नाही. शेंगतेल सुटे न आणता पंधरा किलोचा डबाच घ्यायचा. हंगामात भाव उतरलेला असतो आणि किरकोळ विक्रीतला दुकानदाराचा नफाही वाचतो. वही वाचून मला वाटले, आपल्या वार्षिक अंकासाठी लेख तयार झाला!

दुसऱ्या दिवशी आत्याने मला किराणा दुकानात पाठवले. माझ्यापुढे एक बाई उभी होती. तिने दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची चहापुडी आणि थोडे मीठ-मिरची घेतली. बाई नंदुरबार जिल्ह्यातली, ऊसतोडीला आलेली. तिची बोली आणि माझी बेळगावकडची मराठी यांत अंतर होते, तरी बोलणे कळत होते. मी शहाणपणाने म्हणालो, "ताई, तेल एकदम घेतलेत तर स्वस्त पडेल." ती हसून म्हणाली, "भाऊ, एकदम घ्यायला एकदम पैसे लागतात."

वाचकहो, त्या एका वाक्याने माझा लेख निम्मा निकालात निघाला. आत्याची काटकसर ही हाताशी चार पैसे असलेल्याची काटकसर आहे. ज्याच्याजवळ ते नाहीत, त्याला तीच वस्तू महाग पडते.

पुढे आतोबांबरोबर मी तिच्या पडावावर गेलो. बारडोली, मढी, चलथाण, गणदेवी येथील कारखान्यांसाठी दरवर्षी धुळे, नंदुरबार, डांग या भागांतून तोडकरी कुटुंबे येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. पावसाळ्यात गावाकडे काम नसते. त्या वेळी मुकादम 'उचल' देतो आणि हंगामात खाण्यापुरती 'खावटी' देतो. हंगामाच्या अखेरीस दोन्ही रकमा मजुरीतून कापल्या जातात. या उचलीवर तिकडे शेकडा पन्नासपर्यंत व्याज लावले जाते, आणि तेही वर्षाला नाही, एका हंगामाला!

आता जरा हिशेब करू. गुजरात सरकारने टनाला २३८ रुपये असलेला तोडणीचा दर २०२२-२३ मध्ये ४७६ रुपये केला. एक कोयता दिवसाला साधारण एक टन ऊस तोडतो. समजा, एका जोडप्याने २०,००० रुपये उचल घेतली. व्याज धरून फेड झाली ३०,००० रुपये, म्हणजे ६३ टन ऊस. तेव्हा दोन महिन्यांहून अधिक काळ ही दोन माणसे केवळ उचल फेडण्यासाठी राबतात. खावटी वेगळीच.

याच जोडप्याने ५,००० रुपये कमी उचलले तर? फेड ७,५०० रुपयांनी कमी होते आणि पंधरा-सोळा दिवसांची तोड मोकळी होते. हेच ५,००० रुपये पोस्टाच्या बचत खात्यात चार टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २०० रुपये मिळतील. उचल टाळली तर अडीच हजार वाचतील. तात्पर्य, कर्जात असलेल्या कुटुंबाची पहिली बचत पासबुकात दिसत नाही. न घेतलेली उचल हीच त्याची सर्वांत किफायतशीर ठेव होय.

हे मी त्या ताईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "हिशेब आम्हालाही कळतो, भाऊ. पण आषाढात पोर तापानं फणफणलं, तर मुकादमाशिवाय कुणाचं दार उघडतं?"

खरा प्रश्न हाच आहे. ते दुसरे दार कोणते, याचा मी त्यानंतर बराच विचार केला. मला तीन वाटा दिसतात.

पहिली वाट रेशनची. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात एका राज्याच्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या राज्यात धान्य देण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढे ही सोय देशभर झाली. अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते. चार माणसांच्या घराला महिन्याला वीस किलो धान्य मिळाले तर खावटी तेवढी कमी उचलावी लागेल. अडचण अशी की रेशन दुकान पडावापासून लांब असते आणि त्या खेपेत दिवसाची मजुरी बुडते. म्हणून पडावातल्या चार-पाच कुटुंबांनी एकाच दिवशी मिळून जावे आणि धान्य एकाच गाडीतून आणावे.

दुसरी वाट बचत गटाची. नाबार्डने १९९२ साली गट बँकांना जोडण्यास प्रारंभ केला आणि आता महाराष्ट्रात व कर्नाटकात असे गट गावोगाव आहेत. गटात महिन्याला शेकडा दोन व्याज सर्रास असते. ५,००० रुपये दहा महिने वापरले तर व्याज १,००० रुपये होते. मुकादमाचे होते २,५००. पहिल्या वर्षी हजाराने उचल कमी झाली तरी पुरे, पुढच्या वर्षी दोन हजारांनी होईल.

तिसरी वाट वहीची. किती टन तोडले, उचल किती, खावटी केव्हा घेतली, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्यावे. मुकादमाची वही एकटीच असली की तीच खरी ठरते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्या घरात कापण्यासारखा खर्चच नाही, तेथे काटकसरीचा उपदेश फुकट आहे. टनाचा दर दुप्पट झाल्याने जे झाले, ते चहापुडी वाचवून झाले नसते. बारडोलीत स्वराज आश्रम पाहताना मला हेच आठवत होते. सरकारने शेतसारा सुमारे बावीस टक्क्यांनी वाढवला, तेव्हा १९२८ साली वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकऱ्यांनी तो भरण्यास नकार दिला. पुढे चौकशी होऊन ती वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. त्यांना कोणी 'घरखर्च कमी करा आणि सारा भरा' असे सांगितले नाही. त्याच तालुक्यात आज तोडकऱ्याच्या डोक्यावर शेकडा पन्नासचे व्याज आहे.

आणि आपण? आपल्यातील कितीतरी विद्यार्थी मोबाईल हप्त्यावर घेतात. काही जण फोनवरच्या अॅपवरून चार दिवसांसाठी कर्ज काढतात आणि व्याज किती हेही विचारत नाहीत. ही आपली उचलच आहे. फरक इतकाच की त्या ताईंनी ती पोराच्या औषधासाठी घेतली होती.

परत आल्यावर मी दोन रुपयांचा हिशेबही लिहू लागलो आहे. पहिल्या पानावर, आत्याच्या पद्धतीने शिलकेची ओळ लिहिण्याआधी, मी एक ओळ लिहिली: 'देणे किती?' खानावळीचे ४०० रुपये थकले होते. ते आधी फेडले. पोस्टातले खाते मग उघडले.