नाकाबंदीतला 'ए'

मंडळी, एपिक्टेटस आम्ही वर्गात अनेक वर्षं शिकवला आणि एका रात्री नाकाबंदीत साफ विसरलो. हवालदार म्हणाला, "ए, गाडी बाजूला घे." एवढंच! त्या 'ए'नं आमचं डोकं फिरलं. "मी कोण आहे, ठाऊक आहे का?" असं चक्क विचारलं आम्ही. लायसन्स खिशातच होतं. दोन मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला.

आता बघा, घडलं काय होतं? गाडी थांबवली. 'अपमान झाला' ही भर आमची. एपिक्टेटस स्वतः गुलामगिरीत राहिलेला; समोरच्याच्या हाती सत्ता असणं म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. दुसऱ्याचा सूर आपल्या हातात नाही, आपला आहे, हे त्याचं म्हणणं. याचा अर्थ मुकाट सोसा असा नव्हे हं. डोकं ठिकाणावर असेल तरच नेमका प्रश्न सुचतो. अटक करत असतील तर 'कारण काय?' विचारावं, ते सांगणं संविधानाच्या अनुच्छेद २२ नं बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्यावंच लागतं. घरी कळवायलाही सांगावं. आणि तपासात साक्षीदार म्हणून बोलावलं, तर साठीपुढच्या पुरुषावर किंवा कुठल्याही स्त्रीवर ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. आमच्या वयाच्यांनी हे ध्यानात ठेवावं.

हल्ली अडवलं की आम्ही काच खाली करतो, हात स्टिअरिंगवर ठेवतो, श्वास पूर्ण सोडतो, मग बोलतो. 'ए' ऐकलं की कानशिलं अजून तापतात, ते सोडा.