मुलांना खेळ शिकवणारे सर कोणी नेमले, हे विचारा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की नगरपालिकेच्या क्रीडा संकुलात कबड्डी, खो-खो, कराटे, पोहणे असे वर्ग सुरू होतात. फी परवडते, म्हणून आपल्या वस्तीतील मुलेमुली तिथे जातात. जायलाच हवे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे धावण्या-खेळण्याचा व्यायाम मिळावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहा बाय दहाच्या खोलीत तो कुठून मिळणार?

पण आपण मूल ज्यांच्या हवाली करतो, त्या सरांबद्दल आपल्याला काय माहीत असते?

आम्ही विदर्भातील एका दवाखान्यात परिचारिका होतो, तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी बारा वर्षांच्या मुलीला मैदानावरून उचलून आणले. हातपाय आणि पाठ असह्य दुखत होती. ती सिकलसेलची रुग्ण होती. या आजारात शरीरातले पाणी कमी झाले किंवा फार दमणूक झाली, तर असा त्रास उठतो. तिने पाणी मागितले होते. "आधी फेऱ्या पूर्ण कर," असे सरांनी सांगितले. ते सर ठेकेदाराने आठ दिवसांपूर्वी आणलेले. आधीच्या सरांना तिचा आजार ठाऊक होता, नव्यांना कोणी सांगितलाच नव्हता. मुलगी बरी झाली. पण चूक त्या एका पोराची नव्हती. नेमणाऱ्यांनी काही पाहिले नाही, आणि आपणही काही विचारले नाही.

म्हणून वर्गाला नाव घालण्याआधी पाच गोष्टी विचारा.

१) शिक्षण काय? पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका, बी.पी.एड. किंवा त्या खेळाच्या संघटनेचे प्रशिक्षक प्रमाणपत्र आहे का? स्वतः चांगले खेळणे वेगळे आणि लहान मुलांना शिकवणे वेगळे. वजनगटात बसावे म्हणून मुलाला उपाशी किंवा पाण्यावाचून ठेवणारा प्रशिक्षक नको. पोहण्याच्या तलावावर शिकवणाऱ्याखेरीज जीवरक्षक वेगळा हवा.

२) पोलीस पडताळणी झाली का? मुलींच्या वर्गाला महिला प्रशिक्षक आहेत का? कोणत्याही मुलाला एकटे बंद खोलीत शिकवू नये. १८ वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला २०१२ च्या पोक्सो कायद्याचे संरक्षण आहे. लैंगिक अत्याचार माहीत असूनही मोठ्या माणसाने पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. बदनामीच्या भीतीने गप्प बसू नका. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे.

३) प्रथमोपचार येतो का? बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी ओतू नये. झटके आले तर कांदा, चप्पल हुंगवू नये; दातांत चमचा घालू नये. कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात. उन्हात अंग तापून मूल बरळू लागले, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी घालावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. डोक्याला मार लागून चक्कर किंवा उलटी आली, तर खेळ थांबवून दवाखान्यात न्यावे.

४) मुलांची आरोग्यवही आहे का? दमा, फिट, हृदयाचा आजार, सिकलसेल याची नोंद सर बदलले तरी संकुलात राहिली पाहिजे. ती वही सर्वांना दाखवायची नाही, पण शिकवणाऱ्याला माहीत हवी.

५) सरांना पगार वेळेवर मिळतो का? हा प्रश्न आपला नाही, असे वाटेल. पण तीन-तीन महिने मानधन थकले की चांगला प्रशिक्षक निघून जातो आणि दर सुट्टीत नवा चेहरा येतो. मग कोणते मूल लवकर दमते, कोण दुखणे लपवते, हे कोणाला कळणार?

तोंडी उत्तर मिळाले नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. प्रशिक्षक नेमण्याच्या अटी आणि ठेकेदाराबरोबरच्या कराराची प्रत मागा. अर्जाची फी १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने दाखला जोडला, तर तीही लागत नाही. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. विहारातील बैठकीत चार पालकांनी मिळून ठरवले, तर एकट्यावर भार येत नाही.

आपल्या वस्तीत कबड्डी, खो-खो गाजवणारी किती तरी पोरेपोरी आहेत. त्यांना हे शिक्षण घ्यायला लावा. उद्या त्या जागेवर आपलीच मुलगी ताई म्हणून उभी राहू शकते.

तोवर एक काम आजच करा. एका कागदावर मुलाचे नाव, आजार, चालू औषध आणि घरचा फोन नंबर लिहा. एक प्रत मुलाच्या पिशवीत ठेवा, दुसरी सरांच्या हातात द्या. सर बदलले, तर नव्या सरांना पुन्हा द्या.