जुनी नाव, जुने इंजिन

काशीस जाणाऱ्या मराठी यात्रेकरूला गंगेच्या काठी परकेपणा फारसा जाणवत नाही. दक्षिणेकडून उत्तरेकडे नावेतून निघाले की अहल्याबाईंचा घाट लागतो, मग शिंद्यांचा, मग भोसल्यांचा. आणि पंचगंगेच्या थोडे अलीकडे, मंगलागौरीच्या देवळाच्या पायथ्याशी, पेशव्यांच्या काळातला बालाजी घाट येतो. याच घाटावरील बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. पुढे दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट हा तर जुन्या मराठी कुटुंबांच्या वस्तीचा भाग. नावाडी हे सारे सांगत असतो, यात्रेकरू वर पाहत ऐकत असतो. आणि ज्या वाहनात बसून तो ऐकत असतो, त्याकडे मात्र त्याचे लक्ष सहसा जात नाही.

ते वाहन बहुधा जुने असते. घाटामागच्या गल्ल्यांत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटून उभे राहावे लागते, तेथे मोटार येणार कोठून? म्हणून येथला खरा राजरस्ता गंगा, आणि येथली मोटार म्हणजे नाव. मोटारीसारखे धावलेले मैल दाखविणारे यंत्र तिला नसते. तरीही एक ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अस्सीपासून राजघाटापलीकडे जाऊन परत यावयाचे म्हणजे सुमारे १३ किलोमीटर. दिवसाला अशा ३ फेऱ्या आणि वर्षाचे २०० दिवस धरले, तर वर्षाकाठी ७,८०० किलोमीटर होतात. आकडा किरकोळ वाटेल; परंतु नाव ताशी सहा-सात किलोमीटरच्या गतीने चालते. म्हणजे तिचे इंजिन वर्षात हजाराहून अधिक तास धडधडत असते. तेवढ्याच तासांत रस्त्यावरची मोटार सहज चाळीस हजार किलोमीटर गेली असती. यंत्राचे वय मैलांत न मोजता तासांत का मोजावे, ते यावरून ध्यानात येईल.

आता प्रथम लाकडाकडे पाहू. काशीची परंपरागत नाव फळ्यांची असते. त्यासाठी तिकडे ज्याला साखू म्हणतात ते सालाचे जड, चिवट लाकूड वापरतात. दोन फळ्यांमधील फटीत कापूस किंवा सूत ठासून वरून डांबर भरावयाचे, ही पाणी अडविण्याची रीत. कोरड्या जमिनीवर फार दिवस ठेवलेली नाव पाण्यात ढकलली की पहिल्या दिवशी ती गळते, आणि नवख्याला वाटते की नाव कामातून गेली. वास्तविक वाळलेल्या फळ्या आकसलेल्या असतात. पाणी पिऊन त्या फुगतात आणि फटी आपोआप आवळल्या जातात. जुना नावाडी अशा नावेला भिजण्यास अवकाश देतो, आणि गळती थांबल्यावरही जी फट पाझरत राहते तेवढीच दुरुस्त करतो.

लाकूड पाण्याने कुजते असा समज सर्वत्र आहे, पण तो अर्धाच खरा. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला पाणी हवे तशी हवाही हवी. सदैव पाण्याखाली राहिलेली फळी पुष्कळ वर्षे टिकते. कुजते ती पाण्याच्या रेषेवरची, जी सकाळी भिजते आणि दुपारी वाळते. दुसरे दुखणे लोखंडी खिळ्याचे. ओल्या लाकडात खिळा गंजला की भोवतालचे लाकूडही मऊ पडते, आणि खिळा जागच्या जागी हलू लागतो. बाहेरून काळेभोर डांबर चढविलेले असल्यामुळे हे दिसत नाही. म्हणून जाणता सुतार नाव पालथी घातल्यावर आधी फळीवर ठोकून आवाज ऐकतो आणि टोच्याने पाण्याची रेषा व खिळ्यांच्या माथ्याभोवतीची जागा चाचपतो. जेथे टोचा विनासायास आत जातो, तेथे डांबराचा आणखी एक हात म्हणजे निव्वळ फसवणूक. ती फळीच काढावी लागते.

अशा रीतीने दरसाल एक-दोन फळ्या बदलत गेल्या, तर वीस वर्षांनी मूळच्या नावेतले काय उरते? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला रथाविषयी असाच पेच घालतो: चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? नावाड्याला हा पेच पडत नाही. त्याच्या दृष्टीने नाव तीच असते, कारण ती पाण्यात कशी वळते आणि कोणत्या बाजूला किंचित कलते हे त्याच्या हातांना ठाऊक असते.

लाकडाच्या या जुन्या विद्येत इंजिन पुष्कळ उशिरा आले, आणि जुन्या नावेची खरी परीक्षा तेव्हापासून सुरू झाली. नाव घडली ती वल्ह्यांसाठी. वल्ह्याचा जोर लयीत आणि सावकाश येतो. एका सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटाला शेकडो हिसके देते. आपल्या खेड्यापाड्यांत विहिरीवर बसविले जात असे त्याच जातीचे हे इंजिन. इंग्लंडातील लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास काढलेल्या मंदगती इंजिनाच्या नमुन्यावर राजकोटच्या कारखान्यांनी असंख्य इंजिने घडविली. आणि १९४६ साली पुण्यास स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचे नाव तर मराठी शेतकऱ्याला घरच्या बैलाच्या नावाइतके परिचयाचे. ही इंजिने सोपी, सोशीक आणि कोठेही उघडता येण्याजोगी. परंतु विहिरीवर ती काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसत. नावेत ती लाकडी ओंडक्यावर बसतात. त्या ओंडक्याचे बोल्ट थोडे जरी ढिले झाले, तरी प्रत्येक हिसका फळ्यांच्या सांध्यापर्यंत पोचतो. नाव गळू लागली म्हणून डांबर चढवीत बसावे आणि दोष मात्र बोल्टात असावा, असे पुष्कळदा घडते.

इंजिन आपले दुखणे धुराने सांगते, आणि ही भाषा शिकण्यास कारखान्यात जावे लागत नाही. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा लायनर झिजले असावेत. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. नोझल बिघडले असेल, हवेची गाळणी चोंदली असेल, नाही तर नावेत माणसे प्रमाणाबाहेर बसली असतील. पांढरा धूर थंडीत पहिली काही मिनिटे आला तर चिंता नको. तो टिकून राहिला तर दाब कमी झाला आहे किंवा पाणी आत शिरत आहे असे समजावे. तेलाची पट्टी काढून पाहिली असता तेल दुधाळ दिसले, तर पाण्याविषयी शंकाच उरत नाही. तेलाची पातळी वापराने उतरावयाची. ती चढलेली दिसली म्हणजे डिझेल किंवा पाणी तेलात मिसळत आहे. अशा वेळी इंजिन चालू ठेवणे म्हणजे बेअरिंगांवर वाळू टाकण्यासारखे आहे.

गंगेची एक विशेष अडचण आहे. बहुतेक नावांत इंजिन थंड ठेवण्यासाठी नदीचेच पाणी खेळवितात, आणि पावसाळ्यानंतर त्या पाण्यात गाळ फार. तो सिलिंडरभोवतीच्या पोकळीत बसत जातो. पाणी वाहताना दिसते, इंजिन मात्र आतून तापते, आणि मग झीज झपाट्याने वाढते. ती पोकळी हंगामाच्या आरंभी उघडून धुणे हे पंखा किंवा रंग नवा करण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे. ज्या नावांत पंख्याचा दांडा तळातून बाहेर पडतो, तेथे वंगण लावलेली दोरी गुंडाळून पाणी अडवितात. चालत्या नावेत तेथून अधूनमधून थेंब पडणे हे चांगले लक्षण होय, कारण तो थेंब दांड्याला थंड ठेवतो. थेंबही नको म्हणून पाना आवळणारा माणूस दांडा तापवितो, दोरी जाळतो आणि शेवटी धारच लावून घेतो.

नीट जोपासलेले वाहन किती चालू शकते, याची परदेशातील दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. अमेरिकेतील शाळामास्तर अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली घेतलेली व्होल्व्हो मोटार २०१३ साली तीस लक्ष मैलांपलीकडे नेली. ग्रीसमधील टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साखिनिदिस यांनी आपली १९७६ ची मर्सिडीज ४६ लक्ष किलोमीटर चालवून २००४ साली कंपनीच्या संग्रहालयास दिली. दोघांच्या पद्धती निराळ्या. गॉर्डन ठरल्या वेळी तेल बदलीत आणि बारीकसारीक आवाजाकडेही दुर्लक्ष करीत नसत. साखिनिदिस यांनी अनेकदा इंजिन उतरवून दुसरे बसविले. काशीचा नावाडी दुसऱ्या पंथातला म्हणावयास हवा, कारण त्याची फळीही बदलते आणि इंजिनही.

आपल्याकडे या विद्येची मोठी शाळा म्हणजे एस. टी. होय. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली गाडी धावली. तेव्हापासून दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांनी गाड्यांचे सांगाडे जपून त्यांवर नवी अंगे चढविण्याचे काम केले आहे. याउलट मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचा शेवट कार्यशाळेत झाला नाही. वीस वर्षांची वयोमर्यादा भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्यांतली शेवटची नोंदलेली टॅक्सी रस्त्यावरून गेली. तिचे यंत्र त्या दिवशी कसे होते, हा प्रश्न नियमाच्या लेखी गौण होता. नियमाचा हेतू धुराचा आणि सुरक्षिततेचा होता, आणि शहराच्या हवेसाठी अशी रेषा कोठेतरी ओढावीच लागते. तथापि केवळ जन्मतारीख पाहिली म्हणजे पाच वर्षांत हाल झालेले वाहन सुटते आणि पंचवीस वर्षे जपलेले पकडले जाते, हेही नाकारता येत नाही.

काशीत निराळा मार्ग निघाला. सुमारे सतराशे नावांतील डिझेल इंजिनांच्या जागी सीएनजीची इंजिने बसविण्याची योजना आखली गेली. २०२१ पासून गेल कंपनीच्या साहाय्याने हे काम पुढे सरकले, आणि पूर्वी ज्याला खिडकिया घाट म्हणत त्या नमो घाटाजवळ गॅस भरण्याचे तरंगते केंद्र उभे राहिले. म्हणजे नाव जुनीच, हृदय तेवढे नवे. यात शास्त्राची एक गोष्ट नावेच्या बाजूची आहे. हा गॅस हवेपेक्षा हलका असतो. गळला तर उघड्या नावेतून वर निघून जातो. पेट्रोलची वाफ किंवा स्वयंपाकाचा गॅस जड असल्याने नावेच्या तळाशी साचून राहतो, आणि तेथे एक ठिणगी पुरते. परंतु दुसरी बाजूही आहे. सुमारे २०० वातावरणांचा दाब सोसणारी पोलादी टाकी रिकामी असतानाही जड असते. ती कोठे बसविली यावर नावेचा तोल अवलंबून राहतो. मोटारीतील अशा टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी होते, आणि रस्त्यापेक्षा दमट जागी राहणाऱ्या टाकीकडे तर अधिकच बारकाईने पाहिले पाहिजे. शिवाय नवे इंजिन आले म्हणून मऊ पडलेली फळी कठीण होत नाही. योजनेचे कौतुक करताना ही गोष्ट बाजूला राहते असे मला वाटते.

मग सारे ठाऊक असूनही नावाडी दुरुस्ती पुढे का ढकलतो? आळस हे उत्तर फारच सोपे झाले. पूर चढला की नावा बंद. १९७८ च्या सप्टेंबरात तर काशीला गंगेची पातळी ७३.९०१ मीटरवर गेली होती. पूर ओसरल्यावर कार्तिकी पौर्णिमेची देवदिवाळी येते, आणि वर्षाची कमाई थोड्या महिन्यांत गाठावयाची असते. त्या दिवसांत नाव काठावर ओढली तर तेलाचा खर्च थोडा, पण बुडालेल्या रोजाचा फार. एक-दोन दिवसांचे काम महिनाभर पुढे जाते; महिनाभराने बोल्टाच्या जागी फळी जाते. ज्या घरात दोन भाऊ एकाच नावेवर आहेत, तेथे दुरुस्तीचा दिवस म्हणजे दोन चुली एकदम थंडावण्याचा दिवस.

या हिशेबात आपणही, यात्रेकरूही, भागीदार असतो. देवळात मुक्तहस्ताने दक्षिणा देणारी कुटुंबे घाटावर उतरली की नावेच्या भाड्यासाठी अर्धा तास घासाघीस करतात आणि शंभर रुपये वाचविल्याच्या समाधानात दहाजणांच्या नावेत चौदाजण बसतात. कमी केलेले ते शंभर रुपये नावाड्याच्या ताटातून जातात, किंवा इंजिनाच्या तेलातून. तिसरी जागा नाही.

नावेत पाय ठेवण्यापूर्वी दोन मिनिटे थांबून पाहण्याइतका वेळ प्रत्येकाजवळ असतो. तळाच्या फळ्यांखाली पाणी किती आहे? थोडे असणारच, पण ते उपसण्यास डबा हाताशी आहे काय? सर्वजण बसल्यावर नावेची कड पाण्यापासून वीतभर तरी वर राहते काय? तरंगणारी जाकिटे माणशी एक आहेत की पुढ्यात शोभेला टांगली आहेत? मुलांच्या अंगाला बसतील अशी त्यांत आहेत काय? इंजिन सुरू झाल्यावर धूर कोणत्या रंगाचा आहे? असे विचारले म्हणून चांगला नावाडी रागावत नाही. उलट तो आपण होऊन फळी उचलून दाखवितो, आणि गेल्या हंगामात बसविलेली, अजून काळी न पडलेली नवी फळी कोणती ते बोटाने सांगतो.