राखणदाराची लस

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळ कुरुंदवाड हे गाव वसले आहे. सभोवार उसाचे मळे आणि मळ्यातील वस्तीवर गाई-म्हशींच्या सोबतीला राखणीचा कुत्रा. पावसाळा तोंडावर आला, की जाणता शेतकरी गुरांना घटसर्पाची लस टोचून घेतो. गोठ्याच्या दाराशी पडून असलेल्या कुत्र्याची मात्र पुष्कळदा त्याला आठवण राहत नाही. कुत्रा धडधाकट दिसतो. मग त्यास औषध कशाला, असे धन्यास वाटते.

परंतु लस म्हणजे औषध नव्हे. औषध रोग जडल्यावर द्यावयाचे, लस त्यापूर्वी. लशीत मारलेले किंवा दुर्बळ केलेले रोगजंतू असतात. त्यांच्याशी एकदा ओळख झाली, म्हणजे खरा शत्रू येताच शरीर त्यास ओळखते व त्याचा प्रतिकार करते. जंतांची गोळी निराळी. ती पोटात असलेले जंत मारते; तिने पिसाळण्याचा रोग टळत नाही.

हा रोग, म्हणजेच रेबीज, मोठा कपटी आहे. त्याचे विषाणू चाव्यातून शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतात. लक्षणे दिसू लागल्यावर कुत्रा काय किंवा माणूस काय, वाचणे जवळजवळ अशक्यच. शिवाय लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीच कुत्र्याच्या लाळेत विषाणू उतरतात. तेव्हा त्याच्या धडधाकटपणावर विसंबता येत नाही. विषाणूंची ही संथ चाल ध्यानी घेऊन लुई पाश्चर यांनी 1885 साली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला, कुत्रा चावल्यानंतर, लस टोचली. मुलगा वाचला.

पिलाला एकदा लस टोचली, की काम संपले, अशीही समजूत आढळते. आईच्या पहिल्या दुधातून पिलास काही संरक्षण मिळते. पण तेच लशीचा परिणाम रोखून धरते. ते केव्हा ओसरेल, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून पार्व्होसारख्या रोगांची लस काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा देतात. रेबीजची लस सुमारे तीन महिन्यांच्या वयात टोचतात, वर्षाने पुन्हा, आणि पुढे गुरांचे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे.

कुत्रा चावलाच, तर जखमेवर तिखट वा चुना लावू नये. साबण लावून वाहत्या पाण्याखाली ती पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कुत्रा आपल्याच घरचा असला, तरीही!