कातळ एकच, काम ठरवते चाळणी

घाटकोपर स्थानकाच्या फलाटावर उभे असाल, तर गाडी येईपर्यंत एकदा खाली पाहा आणि एकदा वर पाहा. खाली रुळांमध्ये काळ्या दगडाची खडी पसरलेली दिसेल. वर, पश्चिमेच्या बाजूला, स्थानकाला लागूनच मेट्रोचे उंचावरील स्थानक दिसेल. वर्सोवा ते घाटकोपर हा ११.४ किलोमीटर लांबीचा मेट्रोमार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला. तो काँक्रीटच्या खांबांवर उभा आहे, आणि त्या काँक्रीटच्या पोटातही खडीच आहे.

या दोन्ही खडींचे कूळ एकच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर पसरून दख्खनचा जो काळा कातळ तयार झाला, तो बेसॉल्ट. मुंबईच्या परिसरात खडीसाठी मुख्यतः हाच दगड वापरतात. एके काळी चांदिवली-पवईच्या बाजूलाही त्याच्या खाणी होत्या. कातळ तोच, तो फोडणारे क्रशर यंत्रही त्याच जातीचे. तरीही रुळांखालच्या खडीचे काम वेगळे आणि खांबातल्या खडीचे वेगळे. इतकेच नव्हे, तर ती कामे एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एकीला आपल्यामध्ये पोकळी राखायची असते, तर दुसरीला पोकळी नाहीशी करायची असते. हा फरक घडवून आणते ती चाळणी. घरात पीठ चाळायला असते तिचीच ही थोरली बहीण!

पोकळीचे गणित

एका बादलीत सारख्या आकाराच्या गोट्या भरा आणि दुसऱ्या तेवढ्याच बादलीत सारख्या आकाराचे बारीक छर्रे भरा. कोणत्या बादलीत रिकामी जागा जास्त उरेल? पुष्कळांना वाटते की गोट्यांच्या बादलीत. परंतु दोन्ही बादल्यांमध्ये पोकळी जवळजवळ सारखीच, म्हणजे शेकडा ४० च्या आसपास असते. गोट्यांमधील फटी मोठ्या पण थोड्या, छर्र्‍यांमधील फटी लहान पण असंख्य, बेरीज तीच. कण सारख्या आकाराचे असले की ते लहान आहेत की मोठे, यावर पोकळीचे प्रमाण फारसे अवलंबून नसते.

पोकळी कमी करायची असेल तर लहान आणि मोठे कण मिसळावे लागतात. १०० लिटरच्या पिंपात मोठी खडी भरली, तर साधारण ४० लिटर जागा उरते. त्या जागेत खूप बारीक वाळू भरली, तर वाळूच्या कणांमध्येही पुन्हा शेकडा ४० पोकळी राहील. म्हणजे ४० चे शेकडा ४०, अर्थात १६ लिटर. मात्र ही वाळू खरोखर बारीक हवी. एकमेकांना टेकलेल्या तीन सारख्या गोलांमधील फटीतून जो गोल जेमतेम निसटू शकतो, त्याचा व्यास मोठ्या गोलाच्या व्यासाच्या ०.१५५ पट असतो. नववी-दहावीचे विद्यार्थी समभुज त्रिकोण काढून हे सहज सिद्ध करू शकतील. २० मिलिमीटरच्या खडीमध्ये शिरायला कण सुमारे ३ मिलिमीटरचा किंवा त्याहून लहान हवा, असे यावरून निघते.

रुळांखाली पोकळी हवी

रुळांखालील खडीचा थर साधारण ३० सेंटिमीटर जाडीचा असतो. गाडीचे ओझे स्लीपरवरून खडीवर आणि खडीतून खालच्या जमिनीवर पसरते. दगडांच्या टोकदार कडा एकमेकींत अडकतात, म्हणून स्लीपर जागचे हलत नाहीत. शिवाय मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ते पाणी खडीतून झरझर निघून गेले पाहिजे. म्हणूनच रेल्वेच्या मानकात खडी कोणत्या चाळणीवर किती राहावी, हे ठरवून दिलेले आहे : ६५ मिलिमीटर भोकांच्या चाळणीवर शेकडा ५ पेक्षा अधिक राहू नये, ४० मिलिमीटरच्या चाळणीवर ४० ते ६० राहावी आणि २० मिलिमीटरच्या चाळणीवर किमान ९८ राहावी. या शेवटच्या अटीचा अर्थ असा, की पोकळी बुजवणारा बारीक माल जवळजवळ नकोच.

पण वर्षानुवर्षे गाड्यांच्या हादऱ्यांनी दगड एकमेकांवर घासतात, त्यांच्या कडा झिजतात आणि भुकटी तयार होते. तिच्यात वाऱ्याने आलेली धूळ, खालून वर येणारा चिखल आणि प्रवाशांनी टाकलेला कचरा मिसळतो. पोकळी भरते, पाणी तुंबते, खडीची पकड ढिली होते आणि रूळ सरळ राहीनासे होतात. मग काय करायचे? सगळी खडी फेकून नवी आणायची? नाही, जुनीच चाळायची! या कामाला रेल्वेत डीप स्क्रीनिंग म्हणतात. वाहतूक थांबवून, रुळांवरून चालणारे एक लांबलचक यंत्र आणतात. त्याची साखळी स्लीपरखालची खडी उकरून वर चढवते. वर थरथरणाऱ्या चाळण्या असतात. त्यांच्यावर राहिलेला धडधाकट दगड पुन्हा रुळांखाली जातो आणि चाळणीतून गळलेली घाण बाजूला टाकली जाते. गव्हातला कचरा काढून गहू ठेवावा, तसाच हा प्रकार.

खांबात पोकळी नको

काँक्रीटमध्ये जी पोकळी उरेल ती सिमेंट आणि पाण्याच्या लगद्याने भरावी लागते. सिमेंट हा त्यातला सर्वांत महाग माल. शिवाय लगदा सुकताना आकसतो, त्यामुळे तो गरजेपेक्षा जास्त झाला की तडे जाण्याचा धोका वाढतो. म्हणून येथे मोठी खडी, बारीक खडी आणि वाळू अशी उतरंड लावतात. भारतीय मानकाप्रमाणे ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून मुख्यतः जे पडते ते 'बारीक' आणि जे वर राहते ते 'जाड'. बारीक मालाची परीक्षा पुढे २.३६, १.१८, ०.६, ०.३ आणि ०.१५ मिलिमीटरच्या चाळण्या एकीखाली एक रचून, हलवून आणि प्रत्येकीवर राहिलेला माल तोलून करतात.

मग जितके बारीक तितके चांगले, असे म्हणता येईल का? तसेही नाही. २० मिलिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ २४ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे ०.१ मिलिमीटर बाजूचे बारीक घन केले, तर एकूण पृष्ठफळ २०० पट म्हणजे ४८०० चौरस सेंटिमीटर, जवळजवळ अर्धा चौरस मीटर होते. एवढा पृष्ठभाग ओला करायला पाणी जास्त लागते आणि पाणी वाढले की काँक्रीटची ताकद घटते. थोडी भुकटी चालते, पण ती मर्यादेतच हवी.

चाळणी म्हणजे संधीचा खेळ

आता चाळणीकडे नीट पाहू. भोकापेक्षा लहान तो कण खाली आणि मोठा तो वर, असे आपण समजतो. मोठ्या कणाबाबत हे खरे आहे. लहान कणाची गोष्ट मात्र इतकी सोपी नाही.

समजा, भोक २० मिलिमीटरचे चौकोनी आहे आणि तार ५ मिलिमीटर जाडीची आहे. एक गोल दगड सरळ खाली पडला आणि तारेला न शिवता भोकातून गेला, असे होण्याची शक्यता किती? दगडाचा मध्य तारेपासून निदान त्याच्या त्रिज्येइतका दूर हवा. म्हणून भोकाच्या बाजूतून दगडाचा व्यास वजा करा, त्याला भोक आणि तार यांच्या बेरजेने, म्हणजे २५ ने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. ५ मिलिमीटरच्या दगडासाठी हे उत्तर ०.३६ येते, म्हणजे साधारण तीन प्रयत्नांत एकदा यश. १० मिलिमीटरच्या दगडासाठी ०.१६. पण १८ मिलिमीटरच्या दगडासाठी केवळ ०.००६४, म्हणजे सुमारे १५६ प्रयत्नांत एकदा! १९ मिलिमीटरच्या दगडासाठी तर ६२५ प्रयत्नांत एकदा. भोकाहून लहान असूनही या बिचाऱ्याला दार सापडत नाही.

यावर उपाय एकच : त्याला पुन्हा पुन्हा संधी द्यायची. म्हणून कारखान्यातील चाळणी थरथरते. उतरत्या जाळीची चौकट स्प्रिंगांवर बसवलेली असते आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला जड वजन लावून तो वेगाने फिरवतात. मिनिटाला ९०० फेरे म्हणजे सेकंदाला १५, आणि दोलनाचा विस्तार ५ मिलिमीटर धरू. त्वरण = ४ × (पाय)² × (वारंवारता)² × विस्तार. पायचा वर्ग सुमारे १० धरला, तर ४ × १० × २२५ × ०.००५ = ४५ मीटर प्रति सेकंद वर्ग; गुरुत्वत्वरणाच्या साडेचार पट. जाळीचे त्वरण गुरुत्वत्वरणाहून जास्त झाल्याखेरीज दगड जाळीवरून उडतच नाही. चाळणी जोरात का हलवावी लागते, याचे कारण हेच.

दगड १५ सेकंद जाळीवर राहिला आणि दर दोलनाला एकदा उडाला, तर त्याला २२५ संधी मिळतात. १५ मिलिमीटरचे दगड तेवढ्यात जवळजवळ सगळे गळतात. १८ मिलिमीटरचे मात्र शेकडा २४ वर राहतात आणि १९ मिलिमीटरचे शेकडा ७०. घाईने जास्त माल ओतला किंवा जाळीचा उतार फार तीव्र ठेवला, की संधी घटतात आणि बारीक माल जाड मालाबरोबर निघून जातो. तीच खडी रुळांखाली गेली, तर पोकळी पहिल्या दिवसापासूनच थोडी बुजलेली असेल. उत्पादन आणि निवड यांची ही ओढाताण प्रत्येक क्रशरवर चालू असते.

थरथरण्याचा आणखी एक फायदा आहे. चिवड्याच्या डब्यात तळाशी काय सापडते? तिखट, मीठ आणि पिठीसाखर. डबा हलतो तेव्हा बारीक कण मोठ्यांच्या फटींतून खाली सरकतात. जाळीवरील थरातही तसेच होते. ज्यांनी गळायचे तेच जाळीपाशी पोचतात.

चाळणीला एक गोष्ट मात्र कळत नाही. लांबट दगड उभा राहिला, तर तो आपल्या लांबीपेक्षा लहान भोकातूनही निसटतो. म्हणून चपट्या आणि लांबट दगडांची परीक्षा वेगळ्या मापाने घ्यावी लागते.

वाळू सरली तेव्हा

पूर्वी बांधकामावर तिरकी जाळी उभी करून तिच्यावर फावड्याने वाळू फेकणारे कामगार सर्वत्र दिसत. ती वाळू नद्यांतून आणि खाड्यांतून येई. बेसुमार उपशाने नदीचे पात्र खचते, काठ ढासळतात आणि खाडीतील जीवसृष्टी उद्ध्वस्त होते. सप्टेंबर २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील वाळूउपशावर बंदी घातली. पुढे नियम बदलत गेले, पण दरम्यान कातळ दळून केलेल्या वाळूचा वापर खूप वाढला. काँक्रीटच्या खडी-वाळूचे मानक १९७० साली 'नैसर्गिक स्रोतांतील' मालापुरतेच होते. २०१६ च्या आवृत्तीत कृत्रिम मालाचाही समावेश झाला. नदीने हजारो वर्षे दगड झिजवून, धुऊन केलेले काम आता क्रशर आणि चाळणी यांनी काही मिनिटांत करायचे आहे. दगड दळताना भुकटी होणारच. ती किती ठेवायची आणि किती काढायची, यावर भिंतीची ताकद अवलंबून आहे. नदीला विश्रांती द्यायची असेल, तर चाळणीने आपले काम चोख केले पाहिजे.

करून पाहा

एक वाटी हरभरे आणि एक वाटी रवा एका पातेल्यात घालून नीट ढवळा आणि मिश्रण पुन्हा वाट्यांनी मोजा. दोन वाट्या भरतात का? नसतील भरत, तर उरलेली जागा गेली कुठे, ते वहीत लिहा.

नंतर थोडा रवा अशा चाळणीत घ्या, की जिची भोके रव्याच्या कणांहून जेमतेम मोठी असतील. दर दहा हेलकाव्यांनंतर खाली पडलेला रवा तोलून आलेख काढा. पहिल्या दहांत पुष्कळ पडेल, पुढे कमी कमी होत जाईल. शेवटी जे कण हट्टाने वर राहतील, त्यांपैकी भोकाहून खरोखर मोठे किती आणि संधी न मिळालेले किती? चाळणी आणखी शंभर वेळा हलवा. उत्तर आलेखातच सापडेल.