एका वाकळीखाली

जनावरांच्या पडीक दवाखान्यात माणसांचा दवाखाना सुरू झाला, तो १९७० साली, नगर जिल्ह्यातल्या जामखेडला. चालवणारे दोघं नवरा-बायको अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून नुकतेच परतले होते. असं काही दिसलं की आपण लगेच ‘त्याग’ हा शब्द काढतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्याबाबतीत मला तो तोकडा वाटतो. पैशावर पाणी सोडणारे डॉक्टर महाराष्ट्रानं बरेच पाहिले. आपली डॉक्टरकीच दुसऱ्याच्या हाती देणारे फार थोडे.

रजनीकांत यांचा जन्म १९३४ चा, नगर जिल्ह्यातला. आई-वडील दोघंही शिक्षक. घर ख्रिस्ती, आणि नगरकडचा ख्रिस्ती धर्म तसा मातीतला: अमेरिकन मराठी मिशन तिथे १८३१ पासून, पण रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात नि कीर्तनात आणून बसवलं. इथली बरीचशी ख्रिस्ती कुटुंबं गावकुसाबाहेरून आलेली. गावाचं पाणी कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, हे या समाजाला पुस्तकातून शिकावं लागत नव्हतं. मेबल यांचं घर निराळं. त्या जबलपूरच्या, वडील धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात प्राध्यापक.

दोघांची गाठ पडली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. हे कॉलेज उभं राहिलं त्यामागे एका मिशनरी डॉक्टरच्या मुलीची, आयडा स्कडरची, गोष्ट आहे. एका रात्री तीन घरचे पुरुष दारात आले. बायका बाळंतपणात अडल्या होत्या, पण त्यांना पुरुष डॉक्टर चालत नव्हता. तिघीही गेल्या. आयडा अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली, परत आली, आणि १९१८ मध्ये तिनं मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. मुलांना तिथे प्रवेश मिळाला तो थेट १९४७ साली. सेवा करून घ्यायला नव्हे, सेवा करायला, हे बायबलातलं वचन या कॉलेजचं ब्रीद. ब्रीद भिंतीवर राहतं, हे आपण सगळेच जाणतो. या दोघांनी मात्र १९६० साली लग्न करतानाच खेड्यातल्या गोरगरिबांसाठी काम करायची शपथ घेतली.

पुढची काही वर्षं नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात गेली. तिथे रोग्यांची रीघ होती आणि दोघांच्या हाताला गुणही होता. पण जुलाबाचं पोर बरं होऊन घरी जायचं, तेच गढूळ पाणी प्यायचं आणि पुन्हा दारात यायचं. निम्म्याहून जास्त दुखणी टाळता येण्याजोगी होती. ती दवाखान्यात बसून टळणार नव्हती. शपथ पाळली जात होती, पण भागत नव्हतं. म्हणून अमेरिका, म्हणून हॉपकिन्स.

जामखेडला आल्यावर पहिला बेत फसला. खेड्यात नर्स ठेवायची असं ठरलं होतं; शिकलेल्या मुली खेड्यात टिकेनात, आणि बायाबापड्यांना त्या परक्या वाटत. मग गावातलीच बाई निवडायची ठरलं. या बाया बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित, कुणी नवऱ्यानं टाकलेली. आठवड्यातले दोन दिवस त्या जामखेडला येत आणि बाळंतपण, धनुर्वात, बाळाचं वजन, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी असं सगळं शिकत. शिकणं एक वेळ सोपं. एका पंगतीला बसणं अवघड. रात्री सगळ्याजणी एकाच मोठ्या वाकळीखाली झोपत. कोणत्याही वैद्यकीय अभ्यासक्रमात हा धडा नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ. आरोळ्यांनी मदत मिळवून बोअर मारून घेतल्या. हापसा कुठे बसवायचा, यातही मेख होती. जमेल तिथे तो दलितवस्तीत बसवला. तहानेपुढे सोवळं किती टिकणार? वरच्या आळीतल्या बायका घागर घेऊन तिथे रांगेला आल्या.

आकडे सांगायला हवेत. १९७१ मध्ये या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. मधल्या काळात तिथे काही मोठं सुसज्ज रुग्णालय उभं राहिलं नव्हतं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगातल्या अशा निवडक प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर आरोळे दांपत्याचं प्रकरण आहे. तीन वर्षांनी आल्मा-आताच्या आरोग्य परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ची घोषणा झाली, आणि १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२००५ नंतर देशभर ‘आशा’ आरोग्यसेविका आल्या. गावची बाई, गावाचं आरोग्य, हा धागा जामखेडचाच. पण माझ्या मते, आपण बाई उचलली आणि वाकळ तिथेच ठेवली. आशाताईच्या मोबदल्याचा एक भाग मिळतो कामाच्या नगावर, आणि तिचा बराचसा वेळ रजिस्टरं भरण्यात जातो. जामखेडच्या बाईचं आठवड्याला दोन दिवस कुणीतरी ऐकून घेत असे: गावात काय घडलं, कुणी दार उघडलं नाही, कोणती सासू आडवी आली.

मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. जामखेडचं काम चालू आहे, आणि त्या निरक्षर बायांनी पुढे परदेशातून आलेल्या डॉक्टरांनाही शिकवलं.