हाताला वळण लागते

आपल्या समाजातील बहुतेक घरांत चित्रे काढणारे एखादे मूल असतेच. वहीच्या मागच्या पानावर, भिंतीवर, जेथे जागा सापडेल तेथे त्याचे घोडे आणि डोंगर चाललेले असतात. मात्र दहा-बारा वर्षांचे होता होता हा नाद बहुधा सुटतो. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले: ‘मला चित्र येत नाही, माझ्या हातात ती कलाच नाही.’ उतारवयात हौसेने कुंचला हाती घेणारी मंडळीही पुष्कळदा याच वाक्यापाशी येऊन थांबतात. ही निराशा कोठून येते आणि तिच्यावर उपाय काय, याचा येथे थोडा विचार करू.

लहान मूल डोळ्यांना दिसते ते काढीत नाही. मनाला ठाऊक असते ते काढते. चौकोनावर त्रिकोण ठेवला की त्याचे घर झाले, आणि ते त्यावर खूश असते. पुढे वयाबरोबर त्याची नजर तयार होते. खरे घर असे दिसत नाही, हे त्याला कळू लागते. हात मात्र जेथल्या तेथे राहिलेला असतो. नजर पुढे आणि हात मागे, या दोहोंमधल्या अंतरालाच आपण ‘चित्र येत नाही’ असे म्हणतो. वास्तविक ज्याला स्वतःची चूक दिसू लागली, त्याची निम्मी तयारी झालेली असते. नेमक्या याच वेळी वही मिटली जाते, हे दुर्दैव होय.

आता हाताविषयी. ज्याला ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ ही अक्षरे नीट काढता येतात, त्याच्या हातात चित्राला पुरेल इतके कौशल्य असतेच. आपल्या आयाबहिणी ठिपक्यांची रांगोळी काढतात, तेव्हा प्रथम जागा मोजून ठिपके मांडतात व मग रेघ ओढतात. चित्रकारही हेच करतो. त्याचे ठिपके कागदावर शेवटी दिसत नाहीत, इतकेच.

हे मोजणे कसे करावे? आपल्या बुऱ्हाणपुरातील शाहनवाज खानाची कबर, म्हणजे काळा ताजमहाल, समोर आहे असे धरा. हात ताठ करून पेन्सिल डोळ्यांसमोर उभी धरावी, एक डोळा मिटावा आणि घुमटाची उंची पेन्सिलीवर अंगठ्याने मोजावी. तेच माप खालच्या भिंतीवर किती वेळा बसते ते पाहावे. नंतर घुमट आणि मिनार यांच्यामधला आकाशाचा तुकडा निरखावा व तोच कागदावर काढावा. आकाशाचा आकार बरोबर आला की मिनार आपोआप जागेवर बसतो. बेटी एडवर्ड्‌स या अमेरिकन शिक्षिकेने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आणखी एक युक्ती आहे: नमुन्याचे चित्र उलटे ठेवून त्याची नक्कल करावी. उलट्या चित्रात नाक-डोळे चटकन ओळखू येत नाहीत, म्हणून मन आपले ठरीव नाक-डोळे पुढे करीत नाही आणि हात दिसेल तीच रेघ काढतो.

हॉलंडच्या व्हिन्सेंट व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचे ठरवले ते १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. शिकवणीच्या पुस्तकातील नमुने तो पुन्हा पुन्हा गिरवीत बसे. पुढे अंतर व उंची साधण्यासाठी त्याने दोरे ताणलेली एक चौकट करून घेतली व तिच्यातून पाहून तो रेखाटने करी. रवींद्रनाथ ठाकुरांनी साठी उलटल्यावर चित्रांकडे लक्ष घातले, तेही हस्तलिखितातील खोडलेल्या ओळींना आकार देता देता. त्यांचे पहिले प्रदर्शन १९३० साली पॅरिसला भरले. आपल्या जवळच्या इंदुरात १९२७ साली देवळालीकर गुरुजींनी चित्रकलेची शाळा काढली. नारायण श्रीधर बेंद्रे आणि विष्णू चिंचाळकर तेथलेच विद्यार्थी. ही कला शिकविता येते, या भरवशावरच अशा शाळा उभ्या राहतात.

प्रत्येक जण बेंद्रे होईल असे नाही. परंतु रोज पंधरा मिनिटे दिली तर बहुतेकांना समोरचा तांब्या, केळीचे पान, तापीचा घाट ओळखू येईल असा काढता येतो. आणि एकदा काढलेली वस्तू आपण जन्मभर अधिक बारकाईने पाहतो. कागद साधा असावा, म्हणजे बिघडण्याची भीती वाटत नाही. प्रत्येक पानावर तारीख घालावी व कोणतेही पान फाडू नये. तुलना करायचीच तर आपल्याच सहा महिन्यांपूर्वीच्या पानाशी करावी. मोबाइलवर दिसतात ती लोकांची निवडक, पुरी झालेली चित्रे. त्यांमागची वाया गेलेली पाने तेथे कोणी मांडीत नाही.

घरातील वडीलधाऱ्यांनाही दोन शब्द. ‘हा घोडा की गाढव?’ हा विनोद मुलाला वर्षानुवर्षे आठवतो. नुसते ‘छान’ म्हटल्यानेही त्याला पुढची वाट सापडत नाही. त्यापेक्षा ‘हे कोठे बसून काढलेस? यातले काय अवघड गेले?’ असे विचारावे.

आपल्या ट्रस्टच्या मेळाव्यात बक्षिसे असतात, ती असावीतच. त्यांच्या जोडीला एक टेबल असेही मांडावे, की ज्यावर मुलांच्या व मोठ्यांच्या वर्षभराच्या वह्या ठेवलेल्या असतील. येणाऱ्याने पहिले पान पाहावे, मग शेवटचे. ज्यांनी वही मिटून ठेवली आहे, त्यांनी ती पुन्हा उघडावी, एवढीच या सुवर्णक्षणी विनंती.